चांगीची गोधडी आणि आपले बिननावाचे शिपाई

स्मरणिकेसाठी ‘सिंगापूरच्या प्रवासावर काहीतरी लिही’ असा निरोप आला. मुलीकडे दीड महिना राहून आलो हे बॅचमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा उंच इमारती, समुद्रकाठचा तो सिंहाच्या तोंडाचा मासा, स्वच्छ रस्ते यांचे वर्णन अपेक्षित असावे. पण ते फोटो आपल्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहिले आहेत आणि काहींनी त्यावर ‘वजन वाढलंय’ असा अभिप्रायही दिला आहे. त्यामुळे त्या वाटेला जात नाही. तिथल्या एका संग्रहालयाबद्दल लिहितो. तीस-बत्तीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाला दुसरे काही सुचणार तरी काय, असे म्हणून गुरुजनांनी आणि मित्रांनी सांभाळून घ्यावे.

संग्रहालयाचे नाव चांगी चॅपल अँड म्युझियम. सिंगापूरला विमानाने उतरणारा प्रत्येक जण चांगी हे नाव वाचतोच, कारण विमानतळाचे नाव तेच आहे. विमानतळापासून थोड्या अंतरावर अप्पर चांगी रोडवर हे छोटेसे संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या हाती सापडलेल्या कैद्यांची आठवण ते जपते. सुरुवातीला, म्हणजे १९८८ साली, ते चांगीच्या तुरुंगालगत होते. २००१ साली आताच्या जागी आले. मध्यंतरी तीन वर्षे डागडुजीसाठी बंद होते आणि २०२१ च्या मे महिन्यात पुन्हा उघडले. आत आठ दालने आहेत. तासाभरात बघून होतात. मला तीन तास लागले आणि मुलगी बाहेर बाकावर बसून तिच्या ऑफिसचे काम करत राहिली.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले. जनरल पर्सिव्हलने फोर्ड मोटारींच्या कारखान्यात जनरल यामाशितापुढे शरणागतीच्या कागदावर सही केली. दोन दिवसांनी, १७ तारखेला, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांना बेटाच्या पूर्व टोकाला चांगीच्या छावण्यांकडे चालत जाण्याचा हुकूम झाला. सुमारे ५० हजार माणसे होती. युरोपियन नागरिकांना, म्हणजे मळेवाले, कारकून, डॉक्टर, त्यांच्या बायका-मुले यांना, चांगीच्या तुरुंगात घातले. तो तुरुंग १९३६ साली ६०० कैद्यांसाठी बांधलेला. त्यात तीन हजारांच्या आसपास माणसे कोंबली. पुरुष एकीकडे, बायका-मुले दुसरीकडे. मधल्या भिंतीपलीकडे नवरा जिवंत आहे की नाही, हेही कळायला मार्ग नव्हता.

या भिंतीतून वाट कशी काढली, तर गोधडीने. हो, गोधडीच. संग्रहालयात तिची प्रतिकृती टांगली आहे आणि मी सगळ्यात जास्त वेळ तिच्यासमोर उभा होतो. एथेल मुल्वेनी नावाच्या एका कॅनेडियन बाईने बायकांच्या तुकडीत कल्पना काढली. प्रत्येकीला सहा इंची चौकोनी तुकडा दिला आणि त्यावर स्वतःचे असे काही भरायला आणि खाली आपले नाव घालायला सांगितले. असे ६६ तुकडे जोडून एक गोधडी झाली. एक ब्रिटिश जखमींसाठी, एक ऑस्ट्रेलियन जखमींसाठी आणि एक जपानी जखमींसाठी, अशा तीन गोधड्या केल्या. जपान्यांसाठीही केली म्हणून बाकीच्या दोन इस्पितळात जाऊ दिल्या असणार, बाईचे डोके चांगलेच चालत होते. त्या गोधड्या पुरुषांच्या इस्पितळात गेल्या आणि नावे वाचून माणसांना कळले की आपली बायको जिवंत आहे. कुणी घर भरले आहे, कुणी फुले, कुणी तुरुंगाची कोठडी. आपल्या आयाही जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायच्या. कुठल्या तुकड्यात कुणाची चोळी आहे हे त्यांना अंधारातसुद्धा सांगता यायचे. पण त्यावर नाव कुणी घातले नाही. नाव घालायला अक्षर यावे लागते.

मूळ गोधड्यांपैकी दोन आज ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकात आहेत आणि एक ब्रिटिश रेडक्रॉसकडे.

बाकी दालनांतही असेच. स्टॅन्ली वॉरन नावाचा एक तोफखान्याचा सैनिक हगवणीने मरायला टेकला होता. इस्पितळाच्या इमारतीतल्या प्रार्थनेच्या खोलीत त्याने भिंतींवर बायबलमधले पाच प्रसंग रंगवले. निळा रंग मिळेना तेव्हा बिलियर्ड खेळताना काठीला लावायचा निळा खडू कुटून वापरला. ती चित्रे १९५८ साली पुन्हा सापडली. तोवर हा गडी लंडनमध्ये चित्रकला शिकवत होता. त्याला शोधून काढले आणि तो तीनदा येऊन आपली चित्रे दुरुस्त करून गेला. हॅक्सवर्थ नावाच्या एका पोलीस इन्स्पेक्टरने कैदेत तीनशेवर छोटी चित्रे काढली. ती घरी ट्रंकेत पडून होती, १९८६ साली त्याच्या पत्नीने सिंगापूरच्या सरकारी दप्तरखान्याला दिली. आर्थर वेस्ट्रॉप या मळेवाल्याने चारशे पानांची रोजनिशी लिहिली, दूर आफ्रिकेत असलेल्या बायकोला पत्रे लिहितोय अशा थाटात. एकाही पत्रावर तिकीट लागले नाही. काडेपेटीत लपवलेले तारायंत्र आहे, बायकोने दिलेला छोटा कॅमेरा आहे. बाहेर अंगणात झावळ्यांच्या छपराचे उघडे प्रार्थनामंदिर आहे, आणि त्याच्या फळ्यावर आजही लोक चिठ्ठ्या लावून जातात. माझ्या आजोबांसाठी, माझ्या काकांसाठी.

एक गोष्ट इथे नीट सांगायला हवी, कारण सिनेमे पाहून आपली समजूत वेगळी होते. चांगीत माणसे फार मेली नाहीत. तिथून गेलेल्या ८७ हजार कैद्यांपैकी ८५० च्या आसपास चांगीत मरण पावले. खरी वाट लागली ती तिथून बाहेर कामाला नेलेल्यांची. सयाम ते ब्रह्मदेश ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग जपान्यांनी वर्षभरात रेटून पुरा केला. त्यात बारा हजारांहून जास्त गोरे कैदी गेले. मलायातले तमिळ मजूर, ब्रह्मी, जावानी असे आशियाई मजूर किती गेले त्याचा नीट हिशेब कुणी ठेवलाच नाही. गोऱ्या कैद्यांच्या थडग्यांवर नावे आहेत, तमिळ मजुरांची थडगीसुद्धा नाहीत.

आता माझ्या डोक्यात वळवळत होता तो प्रश्न. सिंगापूर पडले तेव्हा तिथल्या फौजेतला सर्वांत मोठा गट हिंदी शिपायांचा होता, सुमारे ४५ हजार. ते कुठे आहेत? चांगीच्या कथेत हिंदी माणूस येतो तो बहुधा पहारेकरी म्हणून. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस जपान्यांनी कैद्यांना ‘आम्ही पळून जाणार नाही’ अशा कागदावर सही करायला सांगितले. कैद्यांनी नकार दिला. तेव्हा पंधरा हजारांवर माणसांना सेलारंग बराकींच्या एका चौकात, पाण्याचे दोन नळ ठेवून, कोंडून घातले. पळून जाताना पकडलेल्या चौघांना २ सप्टेंबरला समुद्रकाठी गोळ्या घातल्या आणि त्या झाडणारे हिंदी पहारेकरी होते. अखेर कैद्यांनी सह्या केल्या, अनेकांनी खोट्या नावाने. हे वाचताना माझ्या शेजारी एक ऑस्ट्रेलियन जोडपे उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलेही नाही, पण मी उगाच तिथून सरकलो.

त्याचे उत्तर संग्रहालयात अर्धवटच मिळते. उरलेले शहरात, फॅरर पार्कला मिळते. आपल्याकडून जाणारे लोक त्या स्टेशनवर हमखास उतरतात, कारण मुस्तफाचे दुकान तिथून दोन पावलांवर आहे. १७ फेब्रुवारी १९४२ रोजी, गोरे चांगीची वाट चालत होते त्याच दिवशी, हिंदी शिपायांना या मैदानावर जमवले. एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना जपान्यांच्या स्वाधीन केल्याचे सांगितले आणि विषय संपवला. मग जपानी मेजर फुजिवारा बोलला, त्यानंतर कॅप्टन मोहनसिंग बोलले. इंग्रजाविरुद्ध लढण्यासाठी सेना उभारायची, कोण येतो? आझाद हिंद सेनेची सुरुवात इथली. पुढे सप्टेंबरात पहिली सेना रीतसर उभी राहिली ती सोळा हजारांच्या आसपास. म्हणजे पुष्कळ जण बाहेरच राहिले. कुणी शपथेला जागले, कुणाचा जपान्यांवर विश्वास नव्हता, कुणी फक्त घाबरले होते. आपण वर्गात हा धडा शिकवताना १९४३ च्या जुलैत सुभाषबाबू सिंगापूरला आले इथून सुरुवात करायचो. त्याआधीचे दीड वर्ष आणि बाहेर राहिलेले हजारो शिपाई पुस्तकात नव्हते.

त्या बाहेर राहिलेल्यांना जपान्यांनी जहाजांच्या तळघरात भरून न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनच्या बेटांवर हमालीला नेले. धावपट्ट्या बांधायच्या, ओझी वाहायची, वरून दोस्तांच्या विमानांचे बॉम्ब खायचे. १९४५ साली ऑस्ट्रेलियन फौजा तिथे पोचल्या तेव्हा हाडांचे सापळे चालत पुढे आले. यांपैकी एकाने लिहून ठेवले आहे. मंगळूरकडचे जॉन बाप्टिस्ट क्रास्टा. घरी परतल्यावर १९४६ साली त्यांनी सगळे कागदावर उतरवले आणि पेटीत टाकले. पन्नास वर्षांनी मुलाने ते छापले.

मराठी माणूस म्हणून मला आणखी एक नाव तिथे शोधायचे होते, जगन्नाथराव भोसले यांचे. सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचा हा माणूस सँडहर्स्टला शिकून मराठा पलटणीत अधिकारी झाला. सिंगापूर पडल्यावर इतरांबरोबर कैदी झाला आणि पुढे आझाद हिंद सेनेच्या लष्करी विभागाचा प्रमुख झाला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली ते लोकसभेवर निवडून गेले, केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या मुलांसाठी त्यांनी १९५४ साली राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. आपल्या ज्येष्ठ गुरुजींना ती आठवत असेल. कवायत, सामूहिक गाणी, शिस्तीत रांगा लावणे. पुढे ती अनेक शाळांत पसरली आणि साठच्या दशकात दुसऱ्या योजनेत विलीन झाली. तेव्हाची कवायत घेणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते की ही योजना काढणारा माणूस कधीकाळी युद्धकैदी होता?

शेवटच्या रविवारी क्रांजीच्या युद्धसमाधींवर जाऊन आलो. टेकडीवर हिरवळ, एकसारख्या पांढऱ्या शिळा, आणि वर विमानाच्या पंखासारखे छत असलेले स्मारक. त्याच्या खांबांवर चोवीस हजारांहून जास्त नावे कोरली आहेत. ज्यांचे कलेवर सापडले नाही त्यांची. मराठा, जाट, गुरखा, पंजाबी, सगळ्या पलटणींची नावे उतरत जातात. मागच्या बाजूला एक वेगळे छोटे स्मारक आहे. ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला अशा सुमारे ८०० जणांचे, त्यांत बहुतेक हिंदी. तिथे कुणी चिठ्ठी लावलेली नव्हती.

घरी आल्यावर हा विषय सुटेना. शोधता शोधता एका फार जवळच्या नावाशी आलो, पुणे डिव्हिजन. ही पहिल्या महायुद्धातली गोष्ट आहे, चांगीच्या सव्वीस वर्षे आधीची. हिंदी फौजेच्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पुण्याचे होते. १९१४ च्या नोव्हेंबरात ती बसऱ्याला उतरली, आजच्या इराकमध्ये. तिच्यात ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या आणि १०३ नंबरची मराठा लाइट इन्फंट्री होती. १०३ म्हणजे आज जिला ‘जंगी पलटण’ म्हणतात ती. मावळातली, साताऱ्याकडची, कोकणातली पोरे. सेनापती होता जनरल टाउनशेंड. टायग्रिस नदीच्या काठाने तो भराभर वर सरकला आणि बगदाद आता हातातच आले म्हणेपर्यंत नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला तुर्कांनी त्याला अडवले. मागे हटून ही फौज कूत नावाच्या नदीच्या वळणावरच्या गावात शिरली आणि वेढ्यात सापडली.

वेढा १४७ दिवस चालला. सोडवायला आलेल्या फौजेचे तेवीस हजारांच्या आसपास लोक जखमी झाले किंवा मेले, तरी कुणी आत पोचले नाही. विमानातून पिठाची पोती टाकली, दळायला गिरणीचे दगडसुद्धा टाकले. इतिहासात वेढलेल्या फौजेला हवेतून रसद टाकण्याचा हा जवळजवळ पहिलाच प्रयोग. पोती बरीचशी नदीत किंवा तुर्कांकडे पडली. मग घोडे आणि खेचरे मारायची वेळ आली. गोऱ्यांनी खाल्ली. हिंदी शिपायांनी नाकारली. कातडीवर चट्टे उठले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, इस्पितळे भरली, तरी नाकारली. टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेने परवानगी मागवली आणि शिपायांना वाचून दाखवली. तरीही एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेकांनी हात लावला नाही. त्यांची अडचण धर्मापेक्षा गावाची होती. घोडे खाल्ले हे गावात कळले तर पंगतीला कोण बसवेल, पोरीला कोण करून घेईल? गोरे अधिकारी याला हट्ट म्हणतात. गाव म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो हट्ट वाटणार नाही. मरण लांब होते आणि भावकी त्याहून जवळ होती.

२९ एप्रिल १९१६ ला कूत पडले. नोकर-चाकरांसह सुमारे तेरा हजार कैदी झाले. अधिकारी वेगळे काढले. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. कैदेत असतानाच इंग्लंडच्या राजाने त्याला ‘सर’ केले. शिपाई मात्र उन्हाळ्यात वाळवंटातून चालत निघाले. बगदाद, मोसुल, आणि तिथून रास-अल-ऐन, जिथे जर्मन इंजिनिअरांच्या हाताखाली बगदाद रेल्वेचे काम चालू होते. बूट विकले, कोट विकले, मागे पडला तो संपला. सुमारे २,६०० गोऱ्या शिपायांपैकी सतराशेच्या वर परतले नाहीत. हिंदी शिपाई ९,३०० च्या आसपास होते, त्यांतले अडीच हजारांच्या घरात गेले. टक्केवारीने पाहिले तर गोऱ्यांची हानी जास्त. पण गोऱ्यांच्या आठवणींची पुस्तके कपाटभर आहेत. हिंदी बाजूने मला मिळालेले मोठे पुस्तक बंगालीत आहे. शिशिर सर्वाधिकारी नावाचा कलकत्त्याचा तरुण ॲम्ब्युलन्स कोअरमध्ये गेला आणि कूतमध्ये कैदी झाला. त्याने टिपणे ठेवली, पाने फाडून बुटात लपवून नेली. रास-अल-ऐनच्या इस्पितळात काम करताना आर्मेनियन लोकांची कत्तल झाल्याच्या खुणाही त्याने पाहिल्या आणि नोंदल्या. पुस्तक १९५८ साली निघाले, नाव ‘अभि ले बगदाद’. तो शिकलेला होता, हे त्याचे भांडवल. १९११ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शंभरातल्या दहा-अकरा पुरुषांनाच लिहिता-वाचता येत होते. आपल्या पलटणींतल्या पोरांकडे बुटात लपवायला पान नव्हते.

आणि ज्यांनी नावे लिहून ठेवायची त्यांनी काय केले? मेसोपोटेमियात पडलेल्यांचे स्मारक इंग्रजांनी बसऱ्याला उभारले. चाळीस हजारांहून जास्त माणसांचे. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली. गोऱ्या शिपायांचीही. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीखाली फक्त आकडे घातले, अमुक पलटण, इतर दर्जाचे इतके. म्हणजे ११७ मराठाचा एखादा नाईक रास-अल-ऐनला रुळाखाली खडी टाकताना मेला, तर दगडावर तो एक अंक. हे मी चिडून लिहीत नाही. २०२१ साली राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने स्वतःच चौकशी करून हे मान्य केले आणि माफी मागितली. ४५ ते ५४ हजार आशियाई आणि आफ्रिकी मृतांना गोऱ्यांसारखी वागणूक मिळाली नाही, असे त्यांचाच अहवाल सांगतो. ते स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ साली सद्दाम हुसेनने ते उचलून नासिरियाच्या वाटेवर नेऊन ठेवले.

दुसऱ्या महायुद्धातही मराठा कैदी होतेच. ‘काळी पाचवी’ म्हणून नावाजलेली मराठ्यांची दुसरी पलटण जून १९४२ मध्ये टोब्रुकला होती. २१ तारखेला टोब्रुक रोमेलच्या हाती पडले आणि तेहेतीस हजारांच्या आसपास फौज कैद झाली, तीत हीही. लिबियातून इटलीच्या छावण्यांत गेले. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने हत्यार टाकल्यावर कितीएक जण छावण्यांतून निसटले आणि डोंगरातल्या शेतकऱ्यांनी त्यांना लपवून जेवू घातले. गंमत बघा, पुढच्याच वर्षी त्याच इटलीत मराठ्यांच्या तिसऱ्या पलटणीतले यशवंत घाडगे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून धारातीर्थी पडले. त्यांचे नाव आपल्याला पाठ आहे. शौर्याचे नाव राहते. कैदेतून गप्प परत येऊन औताला लागलेला माणूस कुणी विचारत नाही. कैदी होणे ही लाज वाटावी अशी गोष्ट आहे असे तेव्हा तरी मानत. त्यामुळे तो स्वतःही बोलत नसे.

आपल्या भागातलीच एक गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. आपण नववीत पुरंदरला सहलीला गेलो होतो. बालेकिल्ल्याच्या पायऱ्यांवर डबे उघडले, केदारेश्वराला जाऊन आलो, माचीवर पडके बंगले पाहिले आणि ते इंग्रजांचे एवढेच आपल्याला सांगितले गेले. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्या किल्ल्यावर शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून जर्मन कुटुंबे स्थानबद्ध केली होती. त्यांत हिटलरपासून पळून आलेले ज्यूही होते. बिचारे तिकडून पळाले ज्यू म्हणून आणि इकडे कोंडले गेले जर्मन म्हणून. त्यांतच हेर्मान गोएट्झ नावाचे कलेचे अभ्यासक होते. त्यांनी वेळ वाया घालवला नाही. पुरंदरच्या इमारती, दरवाजे, देवळे बारकाईने पाहिली, आणि पुढे किल्ल्यावर लिहिले. नंतर बडोद्याचे संग्रहालय त्यांनी नावारूपाला आणले. आपल्या अंगणातल्या किल्ल्याचा अभ्यास एका जर्मन स्थानबद्धाने करून ठेवला. हातात कागद आणि डोक्यात शिक्षण असले की बंदीवासातूनसुद्धा काय निघते, हे समजायला चांगीपर्यंत जायची गरज नव्हती.

आता मुद्द्याचे. आपल्या भोंगवलीतून आणि आसपासच्या वाड्यांतून दोन्ही महायुद्धांत कोण गेले, कोण परतले, कोण कैदेत होते, याची यादी गावात कुठे लावलेली मी पाहिली नाही. साताऱ्याजवळ अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धातल्या ४६ मृतांची आठवण दगडात आहे आणि म्हणून आज सगळा महाराष्ट्र त्या गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखतो. आपल्याकडे दगड नसला तरी कागद असतील. आजोबांच्या ट्रंकेत पलटणीचे डिस्चार्ज बुक असते, पेन्शनचे पुस्तक असते, रेडक्रॉसचे कार्ड असू शकते. आपल्या बॅचमधल्या दोघांनी लहानपणी ‘आमचे आजोबा बसऱ्याला होते’ असे सांगितल्याचे मला पक्के आठवते. तेव्हा आपण त्यांना ‘बसऱ्याचे मोती कुठायत?’ म्हणून चिडवले होते. समाधी आयोगाच्या नोंदवहीत हिंदी शिपायांच्या नावापुढे अनेकदा बापाचे नाव, गाव आणि तालुका लिहिलेला आहे, ती आता संगणकावर कुणालाही बघता येते. स्पेलिंग मात्र इंग्रज कारकुनाने कानाला लागले तसे केलेले असते, त्यामुळे भोंगवली शोधताना चार-पाच प्रकारे लिहून बघावे लागते. हे काम मी सुरू केले आहे आणि नातवाला मदतीला घेतले आहे.

पुढच्या मेळाव्याला येताना तुम्ही एवढे करा. घरात जुने बिल्ले असतील, चांदीचे गोल, राजाच्या मुंडक्याचे, तर ते मोडीत घालू नका. पोरांनी खेळून पॉलिश घालवलेली असली तरी चालेल. बिल्ल्याची कड भिंगाखाली धरा आणि हळूहळू फिरवा. पहिल्या महायुद्धाच्या बिल्ल्यांवर कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. झिजलेली असेल तर त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, उमटते. १०३, ११० किंवा ११७ असा आकडा दिसला तर लगेच मला फोन करा, रात्री अकरा वाजले असले तरी.